काचशिल्प, निसर्गप्रेरित

निसर्गातील वनस्पती, प्राणी, पाणी, बर्फ इत्यादींच्या रूपांपासून व त्यांच्या घडणीच्या रीतींपासून स्फूर्ती घेऊन काचेत निर्माण केलेल्या त्रिमितीय कलाकृतींचा अंतर्भाव या प्रकारात होतो. पानाफुलांची नक्षी कोरलेली काचपात्रे किंवा खिडक्यांतील रंगीत चित्रकाच यांतही निसर्गरूपे विपुल आढळतात. परंतु तेथे काच ही मुख्यतः चित्राला आधार देणारा पृष्ठभाग असते. काचशिल्पात मात्र काचेची जाडी, पोकळी, कडा, पारदर्शकता व रंग यांतूनच रूप सिद्ध होते. पात्र आणि शिल्प यांतील सीमारेषा या कलेत बरीच पुसट आहे. फुलदाणी म्हणून घडविलेली वस्तू पुष्कळदा शिल्प म्हणूनच पाहिली जाते, तर संग्रहालयासाठी केलेला शास्त्रीय नमुना कालांतराने कलाकृती ठरतो. म्हणून या कलेचे परीक्षण करताना वस्तूच्या उपयोगापेक्षा तिच्यातील काच व निसर्ग यांच्या परस्परनात्याचा विचार करणे अधिक उपयुक्त ठरते.

हे नाते स्थूलमानाने दोन प्रकारचे आढळते. पहिल्या प्रकारात कलावंत निसर्गवस्तूचे बाह्य रूप काचेत उतरवितो. दुसऱ्या प्रकारात रूपाची नक्कल न करता वितळलेल्या काचेच्या वाहण्यातून, फुगण्यातून व गोठण्यातून निसर्गातील क्रियांशी मिळतीजुळती क्रिया तो घडू देतो. पहिल्या प्रकाराला केवळ कारागिरी व दुसऱ्याला कला मानण्याची प्रवृत्ती विसाव्या शतकात बळावली. परंतु प्रत्यक्ष कलाकृतींच्या कसोटीला ही विभागणी उतरत नाही. काही अचूक अनुकृती उत्कट भावप्रत्यय देतात, तर काही मुक्त आकार निव्वळ शोभेच्या पातळीवरच राहतात. त्या निसर्गवस्तूविषयी काच असे काही सांगते काय, की जे दगड, धातू, माती वा मेण यांना सांगता आले नसते, हाच या कलेच्या मूल्यमापनाचा खरा निकष होय.

काच व निसर्ग : काच हा सर्वस्वी मानवनिर्मित पदार्थ आहे, असा सर्वसाधारण समज असला, तरी निसर्गातही काच तयार होते. ज्वालामुखीचा लाव्हा झपाट्याने थंड झाल्यास ऑब्सिडियन ही काळसर काच निर्माण होते. वीज वाळूत शिरली, म्हणजे तिच्या मार्गात वितळलेल्या वाळूच्या काचमय नळ्या बनतात. महाराष्ट्रातील लोणार (जि. बुलढाणा) येथील अशनिपाताने झालेल्या विवराच्या परिसरात आघातामुळे बेसाल्ट खडक वितळून झालेली काच सापडते. सजीव सृष्टीतही करंडक वनस्पतींची कवचे सिलिकेची असतात आणि खोल समुद्रातील काच-स्पंजांचा सांगाडा सिलिकेच्या सूक्ष्म तंतूंनी विणलेला असतो.

काचेतील अणूंची मांडणी स्फटिकातील मांडणीप्रमाणे नियमित नसते. तिला निश्चित द्रवणांक नसल्याने ती तापेल तशी क्रमाक्रमाने मऊ होते आणि निवेल तशी क्रमाक्रमाने घट्ट होत जाते. मधासारख्या दाट अशा या मधल्या अवस्थेत तिच्यावर पृष्ठताण व गुरुत्वाकर्षण ही बले काम करीत असतात. पाण्याच्या थेंबाला गोलाई येते ती पृष्ठताणामुळे, आणि फुंकनळीच्या टोकावरील काचेच्या गोळ्याला गोलाई येते तीही त्याच कारणाने. लोंबणारी तप्त काच आपल्या वजनाने लांबते व मध्ये बारीक होते, तसाच ओघळणारा डिंकही होतो. तेव्हा काचेत दिसणारे नैसर्गिक आकार हे सर्वच कलावंताने लादलेले नसतात. त्यांपैकी काही पदार्थाच्या स्वभावातूनच येतात. या स्वभावाला कितपत वाव द्यावयाचा व तो कोठे रोखावयाचा, हे ठरविण्यातच काचशिल्पकाराची कसोटी लागते.

तंत्रे : निसर्गप्रेरित काचशिल्पात मुख्यतः तीन पद्धती वापरल्या जातात. भट्टीवरील कामात वितळलेली काच फुंकनळीच्या टोकावर घेऊन तीत हवा भरतात आणि चिमटे, कात्र्या, ओल्या लाकडी पळ्या यांच्या साहाय्याने तिला आकार देतात. ज्योतीवरील कामात काचेच्या तयार कांड्या व नळ्या दिव्याच्या झोताने मऊ करून त्यांपासून बारीक अवयव घडवितात. पाकळ्या, केसर, शुंडके यांसारख्या नाजूक भागांसाठी ही पद्धती विशेष सोयीची आहे. साच्याच्या पद्धतीत वितळलेली काच साच्यात दाबतात वा ओततात, किंवा काचेचे चूर्ण साच्यात भरून ते भट्टीत एकजीव होईपर्यंत तापवितात. पद्धती कोणतीही असली, तरी तयार वस्तू सावकाश थंड करावी लागते. या क्रियेला अनुशीतन म्हणतात. ती नीट न झाल्यास आतील व बाहेरील थरांत ताण राहून वस्तू तडकते. वेगवेगळ्या रंगांच्या काचा एकत्र आणताना त्यांचे प्रसरण सारखे नसले, तरीही हाच धोका संभवतो.

पूर्वपीठिका : काचेत प्राणिरूप घडविण्याची परंपरा प्राचीन आहे. ईजिप्तमधील एल् अमार्ना येथे सापडलेली मत्स्याकृती कुपी (सु. इ. स. पू. १३५०) लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये आहे. गाभ्याभोवती काच चढवून ती घडविली असून तिच्या अंगावरील रंगीत काचतंतू मागेपुढे ओढून खवल्यांचा आभास साधला आहे. काच मऊ असतानाच केलेल्या या ओढण्यातून आलेली लय खवल्यांच्या लयीशी जुळते. पदार्थाचा स्वभाव व निसर्गरूप यांचा मेळ एवढ्या आरंभीच्या काळातही साधला गेला होता, हे यावरून दिसते. रोमन साम्राज्याच्या पूर्व भागात इ. स. पहिल्या शतकापासून साच्यात फुंकलेल्या खजुराच्या आकाराच्या कुप्या होऊ लागल्या. सुरकुतलेली साल व तपकिरी रंग यांमुळे त्या खऱ्या खजुरासारख्या दिसत. पुढील अनेक शतके मात्र निसर्गरूपे पात्राच्या अलंकरणापुरतीच राहिली. त्यांना स्वतंत्र शिल्पाचा दर्जा मिळाला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, निसर्गविज्ञानाचा झपाट्याने प्रसार होत असताना.

ब्लाश्का पितापुत्र : लेओपोल्ट ब्लाश्का (१८२२–९५) व त्याचा मुलगा रूडोल्फ (१८५७–१९३९) हे बोहीमियातील काचकारांच्या घराण्यातले. लेओपोल्ट आरंभी काचेचे दागिने व कृत्रिम डोळे तयार करीत असे. १८५३ मध्ये अमेरिकेला जाताना त्याचे जहाज वारा पडल्यामुळे अझोर्स बेटांजवळ सुमारे दोन आठवडे खोळंबले. त्या मुक्कामात त्याने समुद्रातील पारदर्शक, स्वयंप्रकाशी जीवांचे निरीक्षण करून त्यांची रेखाटने केली. पुढे त्याने हौसेने ऑर्किडची काचेची फुले घडविली. ती पाहून ड्रेझ्डेन येथील निसर्गविज्ञान संग्रहालयाचा संचालक लूटव्हिख राइखेनबाख याने १८६३ मध्ये त्याच्याकडून समुद्रपुष्पांचे नमुने करवून घेतले. येथून या कुटुंबाच्या खऱ्या कार्यास प्रारंभ झाला. पहिले नमुने फिलिप हेन्‍री गॉस या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाच्या पुस्तकातील चित्रांवरून केलेले होते. पुढे पितापुत्रांनी घरी खाऱ्या पाण्याच्या टाक्यांत जिवंत प्राणी ठेवून त्यांचा अभ्यास केला. त्यांच्या विक्रीसूचीत कालांतराने सुमारे ७०० नमुन्यांचा समावेश झाला आणि यूरोप-अमेरिकेतील अनेक संग्रहालयांनी व विद्यापीठांनी ते विकत घेतले.

या नमुन्यांची गरज शास्त्रीय होती. पक्षी वा सस्तन प्राणी पेंढा भरून ठेवता येत. परंतु जेलीफिश, समुद्रपुष्पे, समुद्री गोगलगाई यांसारखे मऊ शरीराचे अपृष्ठवंशी प्राणी मद्यार्कात ठेवले, की त्यांचा रंग उडून जाई व शरीर आक्रसून बेरंगी गोळा शिल्लक राही. काचेने त्यांचे जिवंतपणीचे रूप पुन्हा उभे केले. काचेची निवड येथे केवळ सोयीची नव्हती. जेलीफिशच्या शरीरात सु. ९५% पाणी असते. पाण्यात त्याची कडा जेमतेम दिसते, कारण त्याचे शरीर व भोवतीचे पाणी प्रकाशाला जवळजवळ सारखेच वळवितात. काचेचा प्रणमनांक सु. १·५ म्हणजे हवेपेक्षा बराच अधिक असल्याने तेच रूप हवेत ठेवल्यावर प्रत्येक कडेवर प्रकाश उमटतो. समुद्राने झाकलेली रचना काचेने अशा रीतीने प्रकट होते. प्राण्याच्या पारदर्शकतेला बाध न येता त्याची घडण मात्र डोळ्यांना दिसते. ही निव्वळ नक्कल नसून काचेच्या गुणधर्माच्या आधारे केलेले अर्थविवरण आहे. प्लास्टर वा मेण यांत ते शक्य झाले नसते. या कारणाने ब्लाश्कांचे सागरी प्राणी हे निसर्गप्रेरित काचशिल्पाचे पहिले परिपूर्ण उदाहरण मानावे लागते. मग त्यांच्या कर्त्यांनी ते शिल्प म्हणून घडविलेले असोत वा नसोत.

ब्लाश्कांची जगप्रसिद्धी मात्र हार्व्हर्ड विद्यापीठातील काचेच्या फुलांवर अधिष्ठित आहे. तेथील वनस्पति-संग्रहालयाचा पहिला संचालक जॉर्ज लिंकन गुडेल हा १८८६ मध्ये त्यांना भेटला. १८८७ मध्ये कामाला सुरुवात झाली आणि १८९० पासून दोघे केवळ हार्व्हर्डसाठीच काम करू लागले. एलिझाबेथ वेअर व तिची मुलगी मेरी ली वेअर यांनी याचा खर्च उचलला. १९३६ पर्यंत चाललेल्या या उपक्रमात सु. ७८० जातींच्या वनस्पतींचे ४,००० हून अधिक नमुने तयार झाले. त्यांत पूर्णाकृती फांद्यांबरोबरच फुलांचे मोठे करून दाखविलेले छेदही आहेत. वनस्पतिशास्त्राच्या अध्यापनातील त्यांची उपयुक्तता निर्विवाद असून त्यांची अचूकता आजही मान्य केली जाते.

कलादृष्ट्या मात्र ही फुले सागरी प्राण्यांच्या तोडीची नाहीत. पान व पाकळी यांचा पृष्ठभाग बहुधा अपारदर्शक, लवदार वा मेणचट असतो. तो साधण्यासाठी काचेवर रंगाचा वा एनॅमलचा थर द्यावा लागला आणि पुष्कळ ठिकाणी आतून तारेचा आधार घ्यावा लागला. परिणामी काच दिसेनाशी झाली. ही वस्तू काचेची आहे हे सांगितल्यावरच प्रेक्षकाला विस्मय वाटतो. आणि जो विस्मय माध्यम लपविल्यामुळे निर्माण होतो, तो कारागिराच्या कौशल्याविषयीचा असतो, वनस्पतीविषयीचा नसतो. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. वडिलांच्या मृत्यूनंतर एकट्याने काम करणाऱ्या रूडोल्फने १९२४ ते १९३२ या काळात कवकांनी व इतर रोगांनी ग्रासलेल्या फळांची व पानांची मालिका घडविली. डाग पडलेली नासपती, बुरशीने वेढलेली स्ट्रॉबेरी, गुंडाळून विटलेली पीचची पाने यांचे चित्रण तीत आहे. न कुजणाऱ्या पदार्थात कुजण्याची क्रिया थांबवून ठेवल्याने येथे माध्यम व विषय यांत खरा ताण निर्माण होतो आणि शास्त्रीय अचूकतेतूनच एक गंभीर भाव प्रकट होतो. रूडोल्फला मूल नव्हते व त्याने शिष्यही तयार केला नाही. त्यामुळे ही परंपरा त्याच्याबरोबरच संपली.

एमील गाले : फ्रान्समधील नान्सी येथील एमील गाले (१८४६–१९०४) हा या कलेतील सर्वांत विचारी कलावंत होय. तो स्वतः वनस्पतिशास्त्राचा जाणकार होता. लॉरेन प्रांतातील ऑर्किडांच्या रूपभेदांविषयी त्याने १९०० मध्ये निबंध सादर केला होता. आपली मुळे अरण्याच्या अंतर्भागात आहेत, अशा आशयाचे वाक्य त्याने आपल्या कारखान्याच्या दारावर कोरविले होते. जपानी कलेचा त्याच्यावर प्रभाव होता. १८८५ ते १८८८ या काळात वनविद्येच्या अभ्यासासाठी नान्सीला आलेला जपानी चित्रकार ताकाशिमा होक्काई याचा त्याच्याशी परिचय होता. १९०१ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकोल द नान्सी’ या कलासंघाचा तो पहिला अध्यक्ष होता.

ब्लाश्कांनी वनस्पतीचे अवयव दाखविले, तर गालेने तिची वाढ दाखविण्याचा प्रयत्न केला. त्यासाठी त्याने काचेतील दोषांचाही उपयोग करून घेतला. बुडबुडे, बारीक भेगा, धातूच्या भस्मांनी आलेले ढगाळ रंग इत्यादी गोष्टी इतर काचकार टाकाऊ मानीत. गालेने त्यांतून धुके, दव, चिखल व पाण्याची खोली सूचित केली. १८९८ मध्ये त्याने काचेतील जडावकामाचे एकस्व घेतले. या तंत्रात मऊ असलेल्या पात्राच्या अंगात निराळ्या रंगाचे तप्त काचखंड दाबून बसवितात व नंतर त्यांवर कोरीवकाम करतात. प्रसरणातील फरकामुळे यांतील बरेच नमुने तडकत. तरीही त्याने ते सोडले नाही, कारण फूल पात्रावर चिकटविलेले न दिसता पात्राच्या अंगातून उगवल्यासारखे दिसणे त्याला महत्त्वाचे वाटत होते.

मृत्यूच्या वर्षी, १९०४ मध्ये, त्याने घडविलेला ‘शेवाळ व शिंपल्यांसह हात’ हा त्याच्या कार्याचा कळस समजला जातो. त्याची एक प्रत पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. लाटांतून वर आलेल्या हाताच्या बोटांना समुद्रशैवाल वेढले असून शिंपले चिकटलेले आहेत. हा हात बुडणाऱ्याचा आहे, की समुद्रातून नव्याने जन्म घेणाऱ्याचा, हे निश्चित करता येत नाही. सजीवांचा उगम समुद्रात झाला, हा त्या काळी सर्वत्र चर्चिला जाणारा विचार त्यामागे असावा. काच येथे एकाच वेळी पाणी, त्वचा व शैवाल यांची भूमिका पार पाडते. हात कोठे संपतो व समुद्र कोठे सुरू होतो, ही सीमा काचेच्या अर्धपारदर्शकतेमुळे पुसली जाते. संगमरवरात हाच विषय घेतला असता, तर हात व शैवाल वेगळे राहिले असते. गालेच्या निर्मितीची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. त्याच्या कारखान्यातून अम्लाने कोरलेली पात्रे मोठ्या प्रमाणावर बाहेर पडत आणि त्याच्या मृत्यूनंतरही त्याच्या नावाने ती होत राहिली. या पात्रांवरील फुले एकमेकांवर चढविलेल्या रंगीत थरांतून कापलेली पाठराखी चित्रे आहेत. त्यांत कौशल्य आहे, पण त्या शोधक वृत्तीचा मागमूस नाही.

टिफनी व लालीक : गालेच्या समकालीनांपैकी अमेरिकेतील लुई कंफर्ट टिफनी (१८४८–१९३३) याने फुलाच्या देठासारखी उंच व पाकळीसारखी उमललेली पात्रे फुंकविली. जमिनीत पुरलेल्या प्राचीन रोमन काचेवर कालांतराने येणारी इंद्रधनुषी झाक त्याने धातूच्या क्षारांच्या साहाय्याने मुद्दाम निर्माण केली. काळाने केलेला पदार्थाचा क्षय ही त्याच्या दृष्टीने नैसर्गिक सौंदर्याची एक रीतच होती. रने लालीक (१८६०–१९४५) या फ्रेंच कलावंताने दागिन्यांकडून काचेकडे वळून साच्यात दाबलेल्या व फुंकलेल्या काचेला प्रतिष्ठा मिळवून दिली. पोपट, नाग, मासे, चतुर यांची त्याची रूपे रेखीव असून काचेच्या दुधी व धुरकट छटांचा त्याने केलेला उपयोग डोळ्यांना सुखावणारा आहे. १९२५ ते १९३१ या काळात त्याने मोटारींच्या टोपणांवर बसविण्यासाठी काचेची शुभचिन्हे तयार केली. तथापि लालीकच्या कलेत निसर्ग हा साच्यात आधीच ठरून गेलेला असतो. काच त्या साच्याची आज्ञा पाळते. तिच्या स्वतःच्या वागण्यातून नवे काही घडत नाही. त्याच्या कृतींना उत्तम अलंकारकलेचे स्थान मिळते, परंतु गालेच्या हातातील अस्वस्थता त्यांत आढळत नाही.

फिनलंडमधील प्रयोग : साचा वापरूनही पदार्थाला मोकळे ठेवता येते, हे दुसऱ्या महायुद्धानंतर फिनलंडमधील कलावंतांनी दाखवून दिले. टापिओ व्हिर्कला (१९१५–८५) याने १९४६ मध्ये इत्ताला या काचकारखान्यासाठी ‘कांतारेली’ ही अळंब्याच्या आकाराची फुलदाणी योजिली. पातळ, स्वच्छ काचेवर कोरलेल्या उभ्या सूक्ष्म रेषांनी अळंब्याच्या पडद्यांचा भास होतो; रंग नाही, तपशील नाही, केवळ वाढीची दिशा तेवढी राखलेली आहे. त्याच्या ‘अल्टिमा थूली’ (१९६८) या मालिकेतील प्याल्यांचा पृष्ठभाग लॅपलंडमधील वितळत्या बर्फावरून सुचलेला आहे. तिमो सार्पानेव्हा (१९२६–२००६) याने १९६४ मध्ये ‘फिनलांदिया’ मालिकेसाठी लाकडी साचे वापरले. तप्त काचेने लाकूड जळते आणि त्याच्या कोळपलेल्या सालीचा ठसा काचेवर उमटतो. दर वेळी साचा थोडा अधिक जळत असल्याने कोणत्याही दोन वस्तू सारख्या होत नाहीत. येथे वृक्षाचे चित्र काढलेले नाही. वृक्ष व काच यांची प्रत्यक्ष गाठ घालून दिली आहे. अनुकृती टाळूनही निसर्गाशी असलेले नाते अधिक घट्ट झाल्याचे हे उदाहरण होय.

स्टुडिओ-काच चळवळ : १९६२ मध्ये अमेरिकेतील टोलीडो येथे हार्व्ही लिटल्टन (१९२२–२०१३) व डॉमिनिक लॅबिनो यांनी घेतलेल्या कार्यशाळांमुळे कलावंताला कारखान्याबाहेर, लहान भट्टीवर स्वतः काम करणे शक्य झाले. या चळवळीतील सर्वांत प्रसिद्ध नाव डेल चिहूली (१९४१– ) याचे आहे. व्हेनिसजवळील मुरानो येथे त्याने कारागिरांचा संघ एकत्र काम करताना पाहिला आणि पुढे तीच पद्धती स्वीकारली. १९७६ मधील अपघातात एका डोळ्याची दृष्टी गेल्यावर व १९७९ मध्ये खांद्याला दुखापत झाल्यावर त्याने फुंकनळी सोडून सूत्रधाराची भूमिका पतकरली. १९८० मध्ये सुरू झालेली ‘सागररूपे’ ही त्याची मालिका विशेष महत्त्वाची आहे. कंगोरेदार साच्यात फुंकलेल्या या पात्रांच्या भिंती अतिशय पातळ आहेत. त्यांवरील कंगोऱ्यांमुळे पातळ भिंतीला बळकटी येते; शिंपल्याच्या कवचावरील कंगोरेही हेच कार्य करतात. येथे साम्य केवळ दर्शनी नाही, तर रचनेच्या कारणातच आहे.

चिहूलीच्या पुढील काळातील भव्य मांडणींविषयी असे म्हणता येत नाही. लास व्हेगस येथील एका हॉटेलच्या छताखालील सु. २,००० काचपुष्पांची मांडणी (१९९८), शिकागोतील गारफील्ड पार्क हरितगृहातील प्रदर्शन (२००१) आणि लंडनच्या क्यू उद्यानातील प्रदर्शने (२००५ व २०१९) यांना फार मोठा प्रेक्षकवर्ग लाभला. हजारो लोकांना काचेकडे कुतूहलाने पाहावयास लावण्याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. परंतु जिवंत वनस्पतींच्या शेजारी ठेवलेले भडक रंगांचे उंच सोट व गुंतवळे त्या वनस्पतींविषयी काही सांगत नाहीत. त्यांच्यापुढे झाडे ही पार्श्वभूमी होऊन राहतात. आकार वाढला, संख्या वाढली, तसा निसर्गाशी असलेला संवाद मात्र क्षीण झाला.

याच्या उलट टोकाला पॉल स्टॅन्कर्ड (१९४३– ) याचे काम आहे. शास्त्रीय काचउपकरणे घडविण्याच्या व्यवसायातून आलेल्या या अमेरिकन कलावंताने ज्योतीवर रानफुले, मुळे व मधमाशा घडवून त्या स्वच्छ काचेच्या गोळ्यात बंद केल्या. ब्लाश्कांप्रमाणे त्याचीही फुले तपशीलवार असतात. पण भोवतीच्या काचगोलामुळे माध्यम लपत नाही. ब्रिटिश कलावंत ल्यूक जेरम (१९७४– ) याने २००४ पासून विषाणू व जीवाणू यांची मोठ्या आकाराची रंगहीन काचशिल्पे करविली. विषाणू प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही लहान असल्याने त्यांना वास्तविक रंगच नसतो. पुस्तकांतील त्यांची रंगीत चित्रे समजण्याच्या सोयीसाठी रंगविलेली असतात. जेरमची पारदर्शक रूपे हा समज दूर करतात. २०२० मध्ये त्याने कोरोना विषाणूचे शिल्प केले, तेव्हा रोगाच्या भीषणतेशी त्या रूपाचे सौंदर्य विसंगत वाटते, असा आक्षेप घेण्यासारखा होता. परंतु निसर्गातील रूप मनुष्याच्या सुखदुःखाची दखल घेत नाही, हेच ती विसंगती दाखवून देते.

जतन व मूल्यमापन : काच टिकाऊ समजली जात असली, तरी या कलाकृतींचे आयुष्य सुरक्षित नाही. ब्लाश्कांची आरंभीची ऑर्किडे बेल्जियममधील लीएज येथे आगीत नष्ट झाली, तर ड्रेझ्डेनसाठी केलेली मूळ समुद्रपुष्पे दुसऱ्या महायुद्धातील बाँबवर्षावात गेली. उरलेल्या नमुन्यांपैकी काहींवरील रंग सुटत आहे, सरस कोरडा पडून सांधे निखळत आहेत आणि अल्कलीचे प्रमाण अधिक असलेली काच हवेतील ओलाव्याने झिजत आहे. ही झीज थांबविण्यासाठी संग्रहालयांना तापमान व आर्द्रता यांवर सतत नियंत्रण ठेवावे लागते.

या जतनाला आता वेगळाच अर्थ प्राप्त झाला आहे. कॉर्नेल विद्यापीठाने १८८५ मध्ये ब्लाश्कांचे सु. ५७० सागरी नमुने विकत घेतले होते. तेथील सागरी जीवशास्त्रज्ञ ड्रू हार्व्हेल यांनी या नमुन्यांची जिवंत प्रतिरूपे निरनिराळ्या समुद्रांत शोधली आणि त्या शोधावरील ग्रंथ २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. काही जाती त्यांना अजून विपुल आढळल्या, तर काही दुर्मिळ झालेल्या दिसल्या. समुद्राचे वाढते तापमान व आम्लता आणि किनाऱ्यांवरील प्रदूषण यांमुळे या जीवांपैकी अनेकांचे भवितव्य अनिश्चित आहे. प्राण्याचे क्षणभंगुर रूप टिकवून धरण्यासाठी काच निवडण्यात आली. आता तो प्राणीच काचेइतका भंगुर ठरत आहे. अध्यापनाचे साधन म्हणून तयार झालेल्या या वस्तू अशा रीतीने एकोणिसाव्या शतकातील समुद्राचा पुरावा बनल्या आहेत.

अनुकृती व मुक्त आकार यांतील श्रेष्ठ-कनिष्ठतेचा वाद त्यामुळे गौण ठरतो. ब्लाश्कांची जेलीफिश, गालेचा हात, सार्पानेव्हाची जळक्या साच्यातील काच व चिहूलीची आरंभीची सागररूपे यांच्या शैलींत काहीच साम्य नाही. परंतु त्या सर्वांत काचेचा विशिष्ट गुण आणि निसर्गाचे विशिष्ट सत्य एका जागी भेटतात. जेथे काच आपली ओळख लपविते, जेथे ती साच्याच्या अधीन होते, किंवा जेथे ती निव्वळ झगमगाटासाठी वापरली जाते, तेथे ही भेट होत नाही. काचेचे फूल खऱ्या फुलासारखे दिसते की नाही, एवढ्यावर या कलेचे मूल्य ठरत नाही. ते पाहिल्यानंतर प्रेक्षक खऱ्या फुलाकडे वा समुद्राकडे अधिक बारकाईने पाहू लागतो काय, हे तपासूनच या कलेतील टिकाऊ कृती व तात्पुरत्या कृती यांत भेद करता येतो.